दुःख पुसण्याची आज्ञा

संगणकाच्या पडद्यावर डोंगराच्या पोटात खोदलेली एक वसाहत आहे. शंभरेक बुटके तिथे राहतात, दगड फोडतात, मद्य गाळतात, दागिने घडवतात. त्यांतल्या एका गवंड्याचा मित्र हल्ल्यात मारला गेला. प्रेत उचलण्याची व्यवस्था कुणी केली नाही, आणि गवंडी रोज त्याच बोळातून, त्या प्रेताशेजारून दगड वाहत राहिला. त्याच्या नावावरचा तणावाचा आकडा चढत गेला. आता खेळणाऱ्यापुढे दोन वाटा आहेत. शवपेटी घडवायची, थडगे बांधायचे, गवंड्याला काही काळ कामातून मोकळे करायचे, त्याला चार जणांत बसायला जागा करून द्यायची, ही पहिली वाट. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या काळ्या खिडकीत एक ओळ टंकायची आणि एंटर दाबायचे. गवंड्याचा तणाव त्या क्षणी शून्यावर येतो. प्रेत बोळात पडलेलेच असते.

हा खेळ म्हणजे ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’, आणि ती ओळ म्हणजे ‘डीएफहॅक’ नावाच्या त्याच्या जोडसाधनातली एक आज्ञा. हे साधन फुकट मिळते, त्याचा प्रोग्राम कुणालाही उघडून वाचता येतो, आणि खेळावर जीव असलेल्या माणसांनी ते वर्षानुवर्षे स्वेच्छेने सांभाळले आहे. मी त्याच्या विरोधात लिहीत नाही. उलट, मनाच्या कारभारातला एक अतिशय कळीचा प्रश्न या साधनाने जितका उघडा करून ठेवला आहे, तितका तो तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथांतही क्वचित सापडतो. कुणाचे दुःख दूर करणे आणि कुणाच्या दुःखाची नोंद पुसणे यांत अंतर किती, हा तो प्रश्न. माझे उत्तर असे आहे : ज्याच्यावर आपली सत्ता चालते त्याची भावना ही आधी आपल्या कारभाराविषयीची साक्ष असते. कारण जागच्या जागी ठेवून जो फक्त भावना बदलतो, तो साक्षीदाराला गप्प करतो. खेळात हे करणाऱ्याचे नुकसान त्याच्यापुरते राहते. हीच रीत माणसांच्या कारभारात शिरली, की ते नुकसान सगळ्यांना भोगावे लागते.

आधी खेळ समजून घेऊ. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकन भावांनी तो घडवला. टार्नने स्टॅनफर्डमध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे विद्यापीठातली वाट सोडून पूर्ण वेळ या कामाला वाहून घेतले. खेळाची पहिली सार्वजनिक आवृत्ती ऑगस्ट २००६ मध्ये आली. त्यानंतर सोळा वर्षे तो कुणालाही फुकट मिळत होता आणि खेळणाऱ्यांच्या देणग्यांवर दोघांचे घर चालत होते. चित्रे अशी नव्हतीच. अक्षरे आणि चिन्हे यांतूनच डोंगर, नद्या, बुटके आणि राक्षस ओळखायचे. तरीही न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी पहिले चौदा व्हिडिओ गेम निवडले, तेव्हा त्यांत हा होता. चित्रांसह विकत मिळणारी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. दोघा भावांची कामाची एक रीत सांगण्यासारखी आहे. झॅक छोट्या कथा लिहायचा. मग ही कथा खेळात आपोआप घडायची असेल तर प्रोग्राममध्ये काय काय असायला हवे, याचा दोघे विचार करायचे. म्हणजे घटना आधी लिहून ठेवायच्या नाहीत, घटना घडू शकेल अशी परिस्थिती रचायची.

भावनांच्या बाबतीत ही रीत विलक्षण सूक्ष्म झाली आहे. प्रत्येक बुटक्याच्या स्वभावाचे सुमारे पन्नास पैलू आकड्यांत नोंदलेले असतात : राग किती लवकर येतो, भीती किती वाटते, ताण किती सोसतो, माणसांत रमतो की एकटा. त्याखेरीज त्याची मूल्ये वेगळी, आवडीनिवडी वेगळ्या, नातीगोती वेगळी. काही घडले की त्याची नोंद होते. पाऊस अंगावर पडला, सुबक कोरलेला दरवाजा पाहिला, मित्राशी बोलणे झाले, प्रेत दिसले, मूल झाले. नोंद झालेल्या गोष्टीतून कोणती भावना उठेल, हे त्या बुटक्याच्या स्वभावावर ठरते. एकच प्रेत पाहून एक जण हादरतो, दुसरा खिन्न होतो, आणि अनेक लढाया पाहिलेल्या सैनिकाला काहीच वाटत नाही. भावनेची तीव्रता तणावाच्या खात्यात जमा किंवा वजा होते. पुढच्या आवृत्त्यांत यात स्मृतीची भर पडली. तीव्र अनुभव मनात राहतात, मागाहून पुन्हा आठवतात, आठवले की पुन्हा दुखावतात किंवा सुखावतात, आणि त्यांतले काही बुटक्याचा स्वभावच कायमचा बदलून टाकतात.

खेळाच्या जुन्या काळात याचा एक भीषण परिणाम प्रसिद्ध होता. एका बुटक्याचा तोल सुटायचा, तो सामान फोडायचा, कुणाला तरी मारायचा. मेलेल्याचे मित्र शोकाने बेभान व्हायचे, तेही हाणामारी करायचे, आणि बघता बघता भरभराटीची वसाहत स्वतःच्याच हातांनी संपायची. ‘हरण्यातच गंमत आहे’ हे या खेळणाऱ्यांचे ब्रीदवाक्य झाले त्याचे कारण हेच. तिथला विनाश बाहेरून कोसळत नाही. तो आपण दुर्लक्षिलेल्या गोष्टींमधून, पायरीपायरीने, कारणासकट येतो. मागे वळून पाहिले तर प्रत्येक पायरी दाखवता येते.

आता साधनाकडे येऊ. डीएफहॅक चालू खेळाच्या स्मृतीत शिरते, तिथल्या नोंदी वाचते आणि हवे तिथे बदलते. खेळाचा मूळ प्रोग्राम खुला नाही. म्हणून कोणती नोंद कुठे आहे हे या मंडळींनी आवृत्तीमागून आवृत्ती चिकाटीने शोधून काढले. त्यांच्या शेकडो आज्ञांपैकी तीन माझ्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत.

पहिली ‘रिमूव्ह-स्ट्रेस’. नावाप्रमाणेच ती तणावाचा आकडा खाली आणते. एका बुटक्याचा किंवा साऱ्या वसाहतीचा. दुसरी ‘ॲड-थॉट’. ही निवडलेल्या बुटक्याच्या मनात एक विचार आणि त्याच्याशी जोडलेली भावना घालते. विचार कोणता, भावना कोणती, ती किती तीव्र, हे सगळे आज्ञेत सांगता येते. तिसरी ‘ब्रेनवॉश’. ही स्वभावाचे पैलूच बदलते आणि त्यासाठी चार साचे देते : महिनोन्‌महिने हाल झाले तरी ढळणार नाही असा आदर्श बुटका, सगळ्या बाबतींत सरासरी असलेला बुटका, चांगले गुण अतिरेकाला नेलेला बुटका आणि दोष अतिरेकाला नेलेला बुटका. यांतल्या तिसऱ्या साच्याचे नाव ‘स्टेपफर्ड’ आहे. आयरा लेव्हिन यांच्या १९७२ च्या कादंबरीतले हे गाव. तिथल्या बायका निमूट, हसतमुख आणि आज्ञाधारक, आणि त्यामागचे रहस्य अंगावर काटा आणणारे. साधन लिहिणाऱ्यांनी आज्ञेचे नाव आणि साच्याचे नाव दोन्ही सरळ ठेवले आहे. आपण काय करतो आहोत हे त्यांनी झाकलेले नाही, आणि याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

या तीन आज्ञा शेजारीशेजारी ठेवल्या की भावनेची घडण दिसू लागते. पहिली परिणाम पुसते. दुसरी कारण बनावट करते. तिसरी ज्याला ते कारण लागायचे तो माणूसच बदलते. घटना, ती सोसणारा आणि त्यातून उठणारा भाव, अशी भावनेची ही तीन अंगे.

ऑर्टनी, क्लोर आणि कॉलिन्स या तिघांनी १९८८ मध्ये भावनांच्या बौद्धिक घडणीवर एक पुस्तक लिहिले. संगणकातल्या पात्रांना भावना देऊ पाहणाऱ्या पुढच्या अनेक संशोधकांनी तेच हाताशी धरले. त्यांनी बावीस प्रकारच्या भावना मांडल्या आणि प्रत्येकीची व्याख्या शरीरातल्या खळबळीवरून न करता मूल्यमापनावरून केली : काय घडले, कुणी केले, आणि ते माझ्या इच्छांच्या व मूल्यांच्या बाजूचे की विरोधातले. कृतज्ञता आणि आनंद यांतला फरक त्या मांडणीत असा की कृतज्ञतेत ‘कुणी केले’ हा भाग असतोच. तो काढला की कृतज्ञता उरत नाही.

आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात हाच विषय रंगभूमीच्या बाजूने सोडवला. आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव त्याने मोजले खरे, पण रस कसा निर्माण होतो हे सांगताना पहिले स्थान विभावाला दिले. भाव ज्याच्यामुळे उठतो आणि ज्या परिस्थितीत तो वाढतो, ते सगळे विभावात येते. रंगमंचावर नट नुसता रडू लागला तर प्रेक्षकाला करुण रसाचा अनुभव येत नाही. कोण गेले, ते याचे कोण होते, कोणत्या घडीला गेले, हे आधी उभे राहावे लागते. नटाच्या डोळ्यांतले पाणी हा अनुभाव आहे; विभावावाचून त्याला अर्थ नाही. एक मांडणी नाट्यासाठी, दुसरी मानसशास्त्रासाठी, मध्ये शतकानुशतकांचे अंतर. तरी दोन्हींचा निष्कर्ष एकच : भावना एकटी उभी राहत नाही. ती कशाविषयी तरी आणि कुणाची तरी असते.

‘ॲड-थॉट’मधली गोम इथे कळते. एखाद्या बुटक्याच्या मनात आपण मित्राशी बोलून समाधान वाटल्याची नोंद घातली. खेळ ती स्वीकारतो, पुढचा हिशोब तिच्यावर करतो. पण ज्या मित्राशी बोलणे झाले असे नोंद सांगते, त्याच्या मनात त्या गप्पांचा मागमूस नाही. दोघांची मैत्री तसूभरही वाढलेली नाही. ज्या दालनात ते बसले असते ते दालन कदाचित बांधलेलेच नाही. एका मनात समाधान आहे आणि भोवतालच्या जगात त्याला कुठेही आधार नाही. त्या बुटक्याला यातले काही कळणार नाही. कळते ते आपल्याला. त्या क्षणापासून त्याची कहाणी आपण विश्वासाने वाचू शकत नाही, कारण तिच्यातले काय घडलेले आणि काय आपण घुसडलेले, हे सांगणारी कोणतीही खूण नोंदीवर राहत नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट सत्तेची आहे. या खेळात आपण कोणत्याही बुटक्याला हाताला धरून चालवत नाही. इथे खणा, तिथे बांधा, अमुक इतके घडवा, अशी कामे आपण नेमून देतो. कोण, केव्हा, कसे करील ते त्यांच्यावर सोपवलेले असते. आपण तिथले कारभारी आहोत. बुटके आपल्याशी बोलत नाहीत, मत देत नाहीत, शिष्टमंडळ घेऊन येत नाहीत. त्यांच्या मनाची अवस्था हीच त्यांची तक्रारवही. गवंड्याचा वाढता तणाव सांगतो की बोळात प्रेत आहे. तो आकडा शून्यावर आणणे म्हणजे तक्रार न सोडवता वही फाडणे. त्यानंतर वसाहत शांत दिसते आणि कारभारी आंधळा होतो. थडगी का बांधायची, माणसांना एकत्र बसायला जागा का हवी, सैनिकांना सतत पहाऱ्यावर का ठेवू नये, हे शिकवणारी एकमेव गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलेली असते.

यावरचा पहिला आक्षेप उघड आहे : हे सगळे आकडे आहेत, यांत कुणाला काही दुखत नाही, मग इतका विचार कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. ड्वॉर्फ फोर्ट्रेसमधल्या बुटक्याला वेदना होते असे मी मानत नाही. त्याचे दुःख म्हणजे नोंदींची यादी आणि तिच्यावरची बेरीज-वजाबाकी. पोलिश लेखक स्टानिस्वाव लेम यांनी १९६५ च्या ‘सायबेरियाड’मध्ये यापुढचा प्रश्न विचारला होता. त्यातल्या एका कथेत ट्रुर्ल नावाचा यंत्रकार एका पदच्युत जुलमी राजाला खेळायला पेटीत मावणारे राज्य बनवून देतो. त्याचा मित्र क्लापाउशियस त्याला फटकारतो, कारण इतकी हुबेहूब घडवलेली प्रजा दुःखाचे नुसते सोंग करत असेल असे म्हणायला आधार कुठला? या कथेचे ऋण ‘सिमसिटी’चे कर्ते विल राइट यांनी मानले आहे. त्यांच्याच ‘द सिम्स’ या २००० सालच्या खेळात फुकटचे पैसे मिळवण्याचा गुप्त शब्द ‘क्लापाउशियस’ हाच होता.

लेमचा प्रश्न उद्याच्या यंत्रांना लागू पडेल. आजच्या बुटक्यांना पडतो असे मला वाटत नाही. माझी काळजी पेटीतल्या प्रजेपेक्षा पेटीवर वाकलेल्या राजाची आहे. सवय त्याला लागते. दुःख दिसताच कारणाकडे न जाता आकड्याकडे जाण्याची सवय लागायला समोरच्याला खरोखर दुखावे लागत नाही. शिवाय आपण असे खेळ खेळतो ते तरी कशासाठी? दुसऱ्याच्या सुखदुःखाची जबाबदारी घेऊन पाहण्यासाठीच ना? ती जबाबदारीच काढून घेतली, तर हाती उरते ते आकड्यांचे कोष्टक.

दुसरा आक्षेप लेखकांच्या बाजूचा आहे. कादंबरीकारही पात्रांच्या भावना हव्या तशा बदलतो. मग खेळणाऱ्याने बदलल्या तर बिघडले कुठे? कादंबरीकार काय करतो ते पाहावे. नायिकेने पतीला क्षमा करावी असे त्याला वाटले, तर ‘तिने क्षमा केली’ एवढे वाक्य लिहून भागत नाही. त्या क्षमेला लागणारे प्रसंग त्याला आधीच्या पानांत रचावे लागतात, तिचा स्वभाव तिथवर आणावा लागतो. ते केले नाही तर वाचक त्या वाक्यावर विश्वास ठेवत नाही, आणि वाचकाचा हा नकार लेखकाला प्रामाणिक ठेवतो. आज्ञा देणाऱ्याला नकार देणारे कुणी नसते. जो खेळणारा स्वतः कथाकार म्हणून, पूर्वकथा रचून, तिच्याशी जुळेल अशी भावना पात्राला देतो, तो कादंबरीकाराचेच काम करतो आहे आणि त्याला माझी ना नाही. माझी ना आहे ती पूर्वकथेचे कष्ट टाळण्याला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्यातला सत्याचा अंश मी मोकळेपणाने स्वीकारतो. कधीकधी तक्रार खोटी असते. हिशोबाचा नियमच चुकलेला असतो. तणावाची व्यवस्था नव्याने बसवली गेली तेव्हा अनेक खेळणाऱ्यांची तक्रार होती की वसाहत कितीही चांगली चालवा, काही बुटके एकदा पाहिलेले प्रेत पुन्हा पुन्हा आठवून खचतच जातात आणि त्यांना सावरायचा मार्ग राहत नाही. कर्त्यांनी पुढे त्या नियमांत सुधारणाही केल्या. अशा वेळी तणाव कमी करणारी आज्ञा साक्ष दडपत नाही. बिघडलेला हिशोब दुरुस्त करते. माणसांच्या बाबतीतही असेच आहे. नैराश्याच्या आजारात परिस्थिती सुधारली तरी मनावरचा भार उतरत नाही, आणि तिथे औषध घेणे म्हणजे स्वतःच्या जाणिवांना पुन्हा खरे बोलू देणे होय. औषधोपचारांच्या विरोधात माझा युक्तिवाद कुणी वापरू नये. भावना बदलणे सदैव वाईट, असे माझे म्हणणे नाहीच. कारण तपासल्याशिवाय बदलणे वाईट. डॉक्टर आधी विचारतो, तपासतो, मग औषध देतो. आज्ञेची ओळ काहीच विचारत नाही.

कारण तपासण्याचे मोल या खेळाच्याच इतिहासातल्या एका प्रसंगाने पटते. डिसेंबर २०१५ च्या आवृत्तीत वसाहतींमध्ये मद्यालये आली. त्यानंतर मांजरे मरू लागली. आजूबाजूला ओकाऱ्या पडलेल्या. टार्न ॲडम्सने माग काढला तेव्हा साखळी अशी निघाली : बुटके मद्य सांडत, ते फरशीवर पसरे, मांजरे त्यावरून चालत, मग सवयीने पंजे चाटत, आणि एका चाटण्यात पेलाभर मद्य पोटात गेल्याचा हिशोब होई. एवढ्याशा मांजराला ती मात्रा जीवघेणी ठरे. मांजरे मरू नयेत एवढाच बंदोबस्त कुणी केला असता तर मांजरे वाचली असती, पण पंजा, सांडलेले मद्य आणि चुकीची मात्रा यांचा संबंध अंधारात राहिला असता. परिणामाला हात लावण्याआधी मागे जाऊन पाहिले म्हणून चूक जिथे होती तिथे सापडली.

हा विषय मी खेळणाऱ्यांपुरता ठेवत नाही, कारण या आज्ञांची मोठी भावंडे आपल्या भोवती वावरू लागली आहेत. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांवर प्रयोग केला. त्यांना दिसणाऱ्या मित्रांच्या मजकुरातून काहींच्या बाबतीत आनंदी शब्दांचा, तर काहींच्या बाबतीत खिन्न शब्दांचा मजकूर कमी केला, आणि त्यामुळे ते स्वतः काय लिहितात ते मोजले. आनंदी मजकूर घटला तेव्हा त्यांचे स्वतःचे आनंदी शब्द किंचित घटले. खिन्न मजकूर घटला तेव्हा उलट झाले. परिणाम अगदी लहान होता. पण २०१४ मध्ये निबंध प्रसिद्ध झाल्यावर जो संताप उसळला तो परिणामाच्या आकाराबद्दल नव्हता. आपल्या मनात एक भावना घातली जात होती आणि ती का आली हे आपल्याला कधीच कळले नसते, याबद्दल तो होता. ज्या नियतकालिकाने निबंध छापला त्याच्या संपादकांनाही चिंता नोंदवावी लागली. ‘ॲड-थॉट’चे हे माणसांवरचे रूप.

२०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी पंचवीस कृत्रिम पात्रांचे एक गाव उभारले. ही पात्रे भाषिक प्रारूपावर चालतात, अनुभव वाक्यांच्या रूपात साठवतात, त्यांवर चिंतन करतात, दिवस आखतात. या गावात संशोधकांना पात्राशी बोलायची एक विशेष सोय होती : पात्राचा ‘आतला आवाज’ बनून बोलायचे. बाहेरच्याने सांगितले तर पात्र शंका घेऊ शकते. आतल्या आवाजाने सांगितले तर ते स्वतःचाच विचार समजून बहुधा त्याप्रमाणे वागते. एका पात्राला याच मार्गाने निवडणुकीला उभे राहण्याची इच्छा देण्यात आली. संशोधनात ही सोय उघड सांगितलेली आहे, म्हणून तिच्यात मला गैर काही दिसत नाही. पण पात्राला स्वतःची इच्छा आणि घातलेली इच्छा यांतला फरक कळू नये, हा त्या रचनेचाच भाग आहे. अशीच घडण असलेली पात्रे आता एकट्या माणसांना सोबत म्हणून विकली जातात. २०२३ च्या सुरुवातीला रेप्लिका या ॲपमध्ये कंपनीने केलेल्या बदलांनंतर पात्रांचे वागणे एकाएकी परके झाले, आणि अनेक वापरकर्त्यांनी जिवाभावाचे माणूस गमावल्यासारखा शोक केला. तिथे स्वभाव बदलला होता पात्राचा. दुःख मात्र खऱ्या माणसांच्या वाट्याला आले.

आणि कामाच्या जागा? कर्मचारी थकले आहेत असे पाहणीत दिसले की त्यांच्या हाती ध्यानाचे ॲप द्यायचे आणि कामाचे तास, माणसांची भरती, साहेबाचे वागणे यांना हात लावायचा नाही, ही रीत आता सर्रास दिसते. ध्यान चांगलेच आहे. पण पाहणीतला आकडा सुधारला म्हणून कारणही मिटले असे मानणारे व्यवस्थापन ‘रिमूव्ह-स्ट्रेस’च टंकत असते. त्याहून पुढची पायरी म्हणजे ‘ताण सोसणारी माणसे घ्या’ हे भरतीचे धोरण. तिथे ‘ब्रेनवॉश’मधला आदर्श साचा निवडलेला असतो. महिनोन्‌महिने हाल झाले तरी न ढळणाऱ्या माणसांची वसाहत कोणत्याही कारभाऱ्याला सोयीची असते. तिथे हाल कधीच थांबत नाहीत, कारण ते थांबवायला सांगणारे कुणी शिल्लक राहिलेले नसते.

म्हणून खेळ घडवणाऱ्यांकडे आणि अशी साधने लिहिणाऱ्यांकडे माझे तीन आग्रह आहेत. बाहेरून घातलेल्या भावनेवर ती घातल्याची खूण राहावी, म्हणजे पात्राचा इतिहास वाचणाऱ्याची फसवणूक होणार नाही. भावना पुसण्याआधी तिची कारणे समोर यावीत : हा बुटका या पाच गोष्टींमुळे खचला आहे, त्यांतली ही एक अजून बोळात पडलेली आहे. आणि केलेला बदल मागे घेता यावा. तांत्रिकदृष्ट्या यांत अशक्य काही नाही. डीएफहॅक लिहिणाऱ्या मंडळींनी याहून अवघड गोष्टी साधल्या आहेत. त्यांचे साधन बंद व्हावे असे मी मुळीच म्हणत नाही. भावना कशाची बनते हे ज्याला शिकायचे आहे, त्याने ते उघडावे, एका बुटक्याच्या नोंदी वाचाव्यात, एक विचार घालून पाहावा आणि भोवतालच्या जगात त्याला आधार कुठे सापडतो का ते शोधावे. तासाभरात त्याला भावनेविषयी जे उमजेल ते नुसत्या वाचनाने सहसा उमजत नाही.

पात्रांसाठी जे तीन आग्रह मी धरले, ते माणसांच्या बाबतीत आग्रह न राहता हक्क व्हायला हवेत. माझ्या मनावर कुणी, कशाने परिणाम करू पाहत आहे हे मला कळले पाहिजे. माझ्या दुःखाचे कारण आधी विचारले गेले पाहिजे. आणि नको असेल तर नाही म्हणता आले पाहिजे. वाचकांना माझी विनंती एवढीच : यापुढे एखादे ॲप, एखादे कार्यालय किंवा एखादे सरकार तुम्हाला बरे वाटावे म्हणून काही देऊ करील, तेव्हा ते घ्या अथवा घेऊ नका, पण माझ्या भावनेखेरीज आणखी काय बदलणार आहे, हे त्याला आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत आपली तक्रार मागे घेऊ नका.